दुकानात चोरी करताना पकडलेल्या माणसाला किती वेळ आणि कसे थांबवता येते

दुकानदाराला चोराला धरून ठेवण्याचा वेगळा, खास असा हक्क भारतीय कायद्याने दिलेला नाही. जो हक्क आहे तो कुठल्याही नागरिकाला असतो तेवढाच. दारावरच्या सुरक्षारक्षकाला गणवेश असला तरी त्याचेही अधिकार तुमच्यापेक्षा जास्त नसतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (अटक, तपास यांच्या पद्धतीचा कायदा) लागू झाल्या आणि या हक्काची मापे बदलली. गल्ल्यामागे अजून जुन्या दंड संहितेच्या कलम ३७९ ची पाटी असेल तर ती काढा. चोरीचे कलम आता न्याय संहितेचे ३०३ आहे, आणि बदल फक्त आकड्याचा नाही.

सगळ्यात आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या: माल परत घेणे आणि माणूस अडवणे.

माल परत घेण्याचा हक्क मोठा आहे. न्याय संहितेचे कलम ३५ आपली मालमत्ता चोरीपासून वाचवण्याचा हक्क देते. कलम ४३ प्रमाणे हा हक्क चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत चालतो. यातले काहीही एक घडले की तो संपला. हातातली पिशवी धरणे, दाराशी आडवे उभे राहून वस्तू परत मागणे हे त्यात बसते. वस्तू हातात आल्यावर लगावलेली थप्पड बसत नाही. कलम ३७ चीही मर्यादा आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही.

माणूस अडवण्याचा हक्क लहान आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खासगी व्यक्ती दुसऱ्याला अटक करू शकते, पण गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) असा दोन्ही हवा, आणि तो तिच्या समोर घडलेला हवा. मग विनाकारण उशीर न लावता, आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, त्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. पोलीस येत नसतील तर जवळच्या ठाण्यात नेऊन पोचवायचे. सहा तास ही बाहेरची हद्द आहे, हक्काची मुदत नव्हे. ठाणे दहा मिनिटांवर असताना पाच तास बसवून ठेवले तर त्याचा जाब द्यावा लागेल.

पाच हजारांची रेघ

बहुतेक दुकानदार इथेच चुकतात. चोरीला गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर कलम ३०३ ची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे आठशे रुपयांचे फेसवॉश खिशात घालणाऱ्याला कलम ४० खाली अटक करण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही. माल परत मागा, तो द्या म्हणून ठणकावून सांगा, पोलिसांना फोन करा; पण वस्तू परत दिल्यावर तो चालू लागला तर वाट अडवू नका. नावपत्ता सांगायला नकार दिला म्हणून अडवून ठेवण्याची मुभा कायद्याने पोलिसांना दिली आहे, दुकानदाराला नाही.

म्हणून दाराकडे धावण्याआधी मनात बेरीज करा. काय काय उचलले, छापील किमतीला नव्हे तर तुमच्या बिलाच्या दराने किती झाले? बेरीज रेघेच्या आसपास असेल तर ती कमीच आहे असे धरून चाला. माणूस आधी कधी दोषी ठरला आहे का, हे दारात उभे राहून कळत नाही, तेव्हा तो विचारही सोडा.

कुणी सांगेल की कलम ३०५ लावा. राहण्यासाठी किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतल्या चोरीचे ते कलम आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्यात पाच हजारांची सवलत नाही. दुकान त्यात बसवता येते असा युक्तिवाद होऊ शकतो. पण कोणते कलम लागेल हे आधी पोलीस आणि मग न्यायालय ठरवते. त्या भरवशावर ग्राहकाला कोंडणे म्हणजे स्वतःचा खटला दुसऱ्याच्या मतावर टांगणे.

चोराने निसटताना मारहाण केली किंवा शस्त्र दाखवले तर प्रकार बदलतो. ती कलम ३०९ ची जबरी चोरी होते, आणि तिला किमतीची रेघ नाही. कायद्याने अधिकार मिळाला, तरी चाकू दिसला की दार मोकळे करा. अंगकाठी, कपडे, गाडीचा नंबर आणि पळाल्याची दिशा लक्षात ठेवणे जास्त कामाचे.

अडवण्याआधी काय दिसायला हवे

‘समोर घडलेला’ हे शब्द हलके घेऊ नका. दारावरचे यंत्र वाजले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही; काउंटरवर टॅग काढायचा राहून गेला की तेच यंत्र वाजते. ‘त्या बाईंनी काहीतरी पर्समध्ये टाकले’ असे दुसऱ्या ग्राहकाने सांगणेही पुरत नाही. कर्मचाऱ्याने पुढची साखळी स्वतः पाहिलेली असावी: माणूस रॅकपाशी आला, वस्तू उचलली, लपवली, मधल्या काळात ती कुठे ठेवून दिली नाही, आणि पैसे न देता बिलिंग काउंटर ओलांडून पुढे गेला. नजर मध्येच हटली तर साखळी तुटली. बऱ्याच जणांना लक्ष आहे असे वाटले की ते वस्तू दुसऱ्याच रॅकवर टाकून देतात, आणि मग अडवलेल्या माणसाच्या खिशात काहीच नसते.

कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अप्रामाणिक हेतूने वस्तू हलवली की चोरी पूर्ण होते, दाराबाहेर जायची गरज नसते. पण हेतू सिद्ध करायचा तर काउंटर ओलांडू देणेच शहाणपणाचे. आत असेपर्यंत ‘मी पैसे देणारच होतो’ याला तुमच्याकडे उत्तर नसते.

काल चोरी केलेला माणूस आज फुटेजवरून ओळखला आणि धरला, हे कलम ४० मध्ये बसत नाही. फुटेज घेऊन ठाण्यात जा.

अडवताना

दोन कर्मचारी असावेत, त्यातला एक ज्याने पाहिले तोच. बाई असेल तर महिला कर्मचारी पुढे. सुरुवात आरोपाने करू नका. ‘साहेब, एका वस्तूचं बिल राहिलंय वाटतं, जरा काउंटरवर येता का?’ एवढे पुरते. चूक झाली असेल तर माणूस पैसे देऊन मोकळा होतो. ‘चोर’ हा शब्द चार लोकांत उच्चारलात आणि पिशवीत बिल सापडले, तर बदनामीची तक्रार तुमच्यावर येऊ शकते. जातीवरून अपमानाचा शब्द गेला आणि समोरची व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असली, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो.

किंमत रेघेच्या वर आहे, साखळी पूर्ण आहे आणि माणूस थांबत नाही, तरच अटक. ‘चोरीबद्दल तुम्हाला थांबवत आहोत, पोलिसांना बोलावलंय’ असे स्पष्ट सांगा आणि घड्याळ बघून वेळ कागदावर लिहा. सहा तास त्या क्षणापासून मोजले जातात. लगेच ११२ ला फोन. बसायला खुर्ची, मागितले तर पाणी, घरी फोन करायची मोकळीक. जागा कॅमेऱ्यात येणारी असावी; मागच्या गोदामात नेऊन कडी लावू नका. निसटू नये एवढीच जबरदस्ती करता येते, त्यामुळे हात बांधणे वगैरे प्रकार नकोत.

अंगझडती घेऊ नका. खासगी व्यक्तीने पकडलेल्याची झडती ज्या पोलिसाच्या ताब्यात तो दिला जातो त्याने घ्यायची असते, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९ सांगते. ‘बॅग तपासली जाईल’ ही दारावरची पाटी फक्त विनंती आहे. ग्राहकाने स्वतः उघडून दाखवली तर बघा.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती सोडून, स्त्रीला अटक करता येत नाही. संध्याकाळच्या गर्दीत म्हणून माल परत घ्या, पोलिसांना कळवा आणि तेवढ्यावर थांबा.

अठरा वर्षांखालचे मूल असेल तर वस्तू घ्या आणि पालकांना बोलवा. प्रकरण पोलिसांकडे गेलेच तर ते बाल पोलीस पथकाकडे आणि बाल न्याय मंडळापुढे जाते. मुलाचा फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणे अंगाशी येईल: ओळख उघड केल्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे.

दुकानदारच आरोपी कसा होतो

अधिकार नसताना वाट अडवली तर न्याय संहितेचे कलम १२६, एक महिन्यापर्यंत कैद. कोंडून ठेवले तर कलम १२७, एक वर्षापर्यंत. त्याच कलमाचे पोटकलम ८ फार कमी जणांना माहीत असते. कबुली वदवून घेण्यासाठी किंवा माल परत द्यायला भाग पाडण्यासाठी कोंडले तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. केबिनमध्ये बसवून ‘मी चोरी केली’ असे लिहून घेण्याची जुनी पद्धत थेट यात येते. असा कागद न्यायालयात तुमच्या उपयोगाचा राहत नाही, त्याच्या वकिलाच्या मात्र राहतो.

दुसरी वाईट सवय ‘दसपट दंडा’ची. पाचशेच्या वस्तूसाठी ‘पाच हजार भर, नाहीतर पोलिसांत देतो’ हे कलम ३०८ ची खंडणी ठरू शकते, सात वर्षांपर्यंत. दुकानदाराला दंड करायचा अधिकारच नाही. वस्तू किंवा तिची बिलाची किंमत, याच्या पुढे एक रुपया मागू नका. जी किंमत घ्याल तिचे रीतसर बिल द्या.

नंतरची कागदपत्रे

परत मिळालेली वस्तू लगेच रॅकवर लावू नका. फाडलेला टॅग आणि रिकामे खोके यांच्यासह पिशवीत ठेवा. तो मुद्देमाल आहे. वस्तूंची यादी बारकोड आणि दरासह छापून घ्या, किंमत त्यावरूनच ठरणार आहे. पाच हजारांच्या आत असेल तर ठाण्यात अदखलपात्र नोंद होते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, त्यामुळे एफआयआर का नाही म्हणून ठाणे अंमलदाराशी भांडण्यात अर्थ नाही. नोंदीची प्रत मात्र घ्या, तोच माणूस पुन्हा आला तर लागते.

फुटेज त्याच दिवशी काढा, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) जुने चित्रण आपोआप पुसतो. अडवल्यानंतरचा भागही ठेवा, तुम्ही नीट वागलात याचा पुरावा तोच. डीव्हीआरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढेमागे आहे ते लिहून ठेवा, नाहीतर बिल आणि चित्रण जुळत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत लागते. त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये काहीही बदलले की बदलणारा तिचा डिजिटल ठसा, नोंदवावे लागते. ते मूल्य मूळ फाइलचे काढा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रत दबून बदलते आणि तिचे हॅश जुळत नाही.