ईको घ्यावी की वॅगन-आर?

घरात सहा माणसं आहेत, मग मारुतीची ईको व्हॅनच बरी, असा गावाकडचा सरळ हिशेब. लांबीचा बाऊ करू नका. ईको ३६७५ मिलिमीटर, वॅगन-आर ३६५५. फरक दोन सेंटिमीटरचा.

खरी गोम इंजिनात आहे. ईकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं आणि ताकद मागच्या चाकांना मिळते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह मे महिन्यात, भर दुपारी, एसी लावून, घरची सगळी माणसं बसवून घ्या. शोरूमवाले सकाळी बोलावतील, तेव्हा जाऊ नका. यवतमाळचं ऊन असताना ड्रायव्हरच्या सीटखाली किती गरम होतं ते तेव्हाच कळेल.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीवर रिकामी ईको मागून सरकते, कारण मागच्या चाकांवर वजनच नसतं. मागे ढेपेची दोन पोती टाकली की पकड सुधारते. वॅगन-आर पुढच्या चाकांवर चालते आणि इंजिनाचा भारही तिथेच, त्यामुळे एकटादुकटा माणूस तिच्यात निभावून नेतो. चिखल फारच झाला तर दोन्ही सारख्याच, बैलजोडीच लागते.

बहुतेक दिवस दोघंच फिरणार असाल तर माझं मत वॅगन-आरला. लग्नाच्या वऱ्हाडासाठी तूफान गाडी भाड्यानं मिळतेच.