रात्री अडीचला कळांचा फोन आला तर पोरं कुणाकडे? डूलाच्या घरची सोय

डूलाचं, म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबत राहून तिला आधार द्यायचं काम सुरू करायचंय म्हणणाऱ्या बायका मला ट्रेनिंग किती दिवसांचं, फी किती घेऊ असं विचारतात, पण घरात लहान पोरं असतील तर खरा प्रश्न वेगळाच असतो, रात्री अडीचला फोन आला तर पोरांजवळ कोण झोपणार? मी कुडाळजवळ एका वाडीत राहते, मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीच, नवरा गोव्याला कामाला आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलते, सासूबाई देवगडला धाकट्या दिराकडे. चार वर्षं हे काम करतेय आणि पोरांची सोय कशी बसवली ते सगळं इथे लिहितेय.

आधी दिवस मोजा. बाळ ३७ ते ४२ आठवड्यांत कधीही येऊ शकतं आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं फार थोडी. मी ३८ आठवडे पूर्ण झाले की ऑन-कॉल, म्हणजे कधीही फोन आला तरी निघायच्या तयारीत, धरते ते ४२ पर्यंत, म्हणजे एका बाईमागे चार आठवडे, २८ रात्री. दोन बायकांच्या तारखा पंधरा दिवसांच्या अंतरानं असल्या की सहा आठवडे सलग गेले. म्हणून काम घेताना आपली डायरी बघायच्या आधी पोरांजवळ बसणाऱ्या माणसाची डायरी बघायची, हे मी पहिल्या वर्षी केलं नाही आणि तेव्हा फार ओढाताण झाली.

मग तास. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून पुढच्या जोरदार कळा पहिलटकरणीला साधारण १२ तासांपर्यंत, दुसऱ्या खेपेला १० तासांपर्यंत धरल्यात, पण त्याच्या आधीच्या बारीक कळांना काही मोजमापच नाही, कुणाला चार तास तर कुणाला दीड दिवस. त्यात बाळ झाल्यावर पहिलं दूध पाजेपर्यंतचे दोनेक तास आणि आपला जाण्यायेण्याचा वेळ, आणि ऐनवेळी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं तर पूर्ण दिवस हातातून गेला समजा. म्हणून मी सोय नेहमी २४ तासांची करून ठेवते. तारीख देऊन कळा सुरू करणार असतील किंवा सिझेरियन ठरलेलं असेल तर दिवस आधी कळतो, तेवढं सोपं.

आता मुख्य गोष्ट. २४ तासांसाठी एकच माणूस शोधू नका, मिळत नाही, आणि मिळालं तर टिकत नाही. पहिला तास वेगळा काढा. पहिल्या तासासाठी असं माणूस हवं जे चालत दोन मिनिटांत येईल, बाकी काही नाही आलं तरी चालेल. माझ्याकडे ती आमच्या कुंपणापलीकडची काकी. तिचे गुडघे दुखतात, ती अडीच वर्षांच्या पोरामागे दिवसभर धावू शकत नाही आणि मी तिला ते सांगतही नाही, तिनं फक्त येऊन माझ्या जागी आडवं व्हायचं. पोरांना झोपेतून उचलून तिच्या घरी न्यायचं नाही, हे मी पक्कं ठरवलंय, कारण पोरं एकदा जागी झाली की रडारड आणि मग आपलाही पाय निघत नाही. सकाळी सात वाजता दुसरं माणूस येतं, माझी मावसबहीण, ती झारापला राहते, स्कूटीवरून येते, शाळेची तयारी, पेज, डबा सगळं तिच्याकडे. आणि काम लांबलं तर संध्याकाळनंतर नवरा किंवा देवगडहून सासूबाई. तिघांनाही माहीत असतं की आपल्या आधी कोण आणि आपल्यानंतर कोण, आणि तिघांच्या फोनमध्ये एकमेकांचे नंबर आहेत, माझ्यामार्फत काही चालत नाही कारण कळा चालू असताना मी फोन उचलणार नाही.

फोनवर भरवसा ठेवू नका, पावसात तर अजिबात नाही. जुलैत एकदा मला फोन आला, अंगावरून पाणी गेलंय लगेच ये म्हणून, मी काकीला फोन लावतेय तर लागतच नाही, लाईट संध्याकाळीच गेलेली, टॉवर बंद. मी दारात उभी, आत पोरं झोपलेली, त्यांना एकटं टाकून तिच्या दारापर्यंतसुद्धा जायला जीव होईना, शेवटी मुलीला उठवून बाजूला बसवलं आणि पावसात पळत गेले. पंचवीस मिनिटं गेली त्यात. तेव्हापासून आमची खूण ठरलीय. काकी ऑन-कॉलच्या दिवसांत माझ्या बाजूच्या खिडकीजवळ झोपते, मी माझ्या खळ्यातून तिच्या खिडकीवर बॅटरी मारते, आणि तिनं कंदिलासारखा तो चार्जिंगचा दिवा लावला की समजायचं उठली. हे आम्ही दोनदा रात्री करून बघितलं. तुमच्याकडे घरं लांब असतील तर त्या दिवसांत बसणाऱ्या माणसाला रात्री आपल्याच घरी झोपायला बोलवा, दुसरा इलाज नाही.

पैशांचं बोला, आणि आधीच बोला. आपल्याकडे बायका इथेच अडतात. मी काकीला पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पैसे कित्याक गो, पोरांका मी बघतंय मा." प्रेमानंच म्हणाली, पण उपकारावर तीन रात्री निघतात, चौथ्या रात्री आपल्यालाच विचारायची लाज वाटते आणि ती चौथी रात्र नेमकी कळांची असते. शिवाय ती २८ रात्री गाव सोडून कुठे जात नाही, लेकीकडे वस्तीला जात नाही, त्याची किंमत आहे. म्हणून मी दोन भाग करते, चार आठवडे थांबण्याचे १५०० रुपये, फोन आला नाही तरी द्यायचे, आणि प्रत्यक्ष आली त्या रात्रीचे वेगळे ५००. थांबण्याचे पैसे ३८ आठवडे झाले त्याच दिवशी पाकिटातून हातात देते, काम झाल्यावर नाही. तिला सांगितलं की हे माझ्या घरखर्चातले नाहीत, बाळंतिणीच्या घरच्यांकडून मी फीमध्येच धरून घेते, मग तिनं घेतले. तुम्हीही फी ठरवताना हा खर्च आत धरा, नाहीतर महिनाभर राबून हातात पेट्रोलचे पैसे उरतात. पाळणाघर असेल तर छानच, पण कुडाळ-सावंतवाडीसारख्या ठिकाणीसुद्धा ते दिवसाचंच असतं. अंगणवाडीचे तर काही तासच, पण त्या तासांचाही उपयोग होतो, फक्त सेविकेला आणि शाळेतल्या बाईंना आधीच सांगून ठेवा की मुलाला न्यायला आईशिवाय अजून कोणकोण येईल.

आपल्याकडचं वर्ष बघून सोय करा. लावणीच्या दिवसांत सकाळी सातला मोकळी असलेली बाई वाडीत सापडणार नाही, एप्रिल-मेमध्ये सगळी घरं आंबा-काजूत. गणपतीत घर माणसांनी भरलेलं असतं, चाकरमानी आलेले, आपल्याला वाटतं पोरांकडे बघणारे वीस आहेत, पण वीस जणांत नक्की कुणी बघत नसतं आणि विहीर तर मागच्या दाराशीच असते. त्या दिवसांत मी एका माणसाचं नाव घेऊन सांगते, तू आणि फक्त तू. दशावताराचा सीझन सुरू झाला की जत्रेच्या रात्री अख्खी वाडी देवळात असते, त्या तारखा आधी लिहून ठेवा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर देवीच्या कौलानं ठरते, जाहीर झाली की लगेच कॅलेंडरवर गोल करा आणि त्या दिवशी कोण घरी थांबणार ते विचारा.

फ्रिजवर एक कागद लावा, मोठ्या अक्षरात, काकीला चष्म्याशिवाय वाचता येईल असा. माझ्या कागदावर मुलगा रात्री उठला तर काय करायचं हे सगळ्यात वर आहे, पाणी त्या निळ्या भांड्यातून, लाईट मोठा लावायचा नाही, पाठीवर थोपटायचं. मग तिघांचे नंबर, रिक्षावाल्याचा नंबर, १०८. तापाच्या औषधाबद्दल मी फार कडक आहे. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीला १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत येतं, दिसायला बाटल्या सारख्याच. घरात एकच ठेवा, डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे किती मिली ते लिहून घ्या आणि तो आकडा बाटलीवरच चिकटवा. पाऊस सुरू झाला की एक ओळ वाढवते, साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हलवायचं कमी आणि १०८ ला फोन करून सरळ सरकारी दवाखाना.

बाळ अंगावर पीत असेल तर दूध काढून ठेवायची सवय ऑन-कॉल सुरू व्हायच्या निदान दोन-तीन आठवडे आधी लावा. काढलेलं दूध बाहेर २५ डिग्रीपर्यंत चार तास राहतं, आपल्या उकाड्यात तेवढंही धरू नका, फ्रिजमध्ये चार दिवस. बर्फातून काढून वितळवलेलं असेल तर फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत संपवायचं आणि परत गोठवायचं नाही. लाईट जाते म्हणून मी मुलगा लहान असताना थोडं थोडं करून छोट्या डब्यांत भरायचे, वर तारीख आणि वेळ. वाटी-चमच्यानं पाजायला काकीला आधी दिवसा शिकवलं, बाळानं माझ्या हातून वाटी घेतलीच नाही, तिच्या हातून घेतली.

पोरांना खोटं सांगू नका. ऑन-कॉलच्या प्रत्येक रात्री झोपताना मी सांगते, "कदाचित एका बाळाला यायचं असेल तर आई जाईल, उठलास तर काकी असेल." मुलगी आता विचारते, आजचं बाळ कुठल्या गावचं. धाकट्याच्या उशाशी माझी ओढणी ठेवते, तो झोपेत ती नाकाजवळ ओढून घेतो. पहिल्या खऱ्या फोनच्या आधी एक शनिवारची रात्र मुद्दाम बाहेर काढा, मी बहिणीकडे झोपले होते, पहाटे धाकटा उठला, रडला, वीस मिनिटांत परत झोपला आणि काकीचाही धीर वाढला.

पोर आजारी पडलं तर? हे धरूनच चाला. सावंतवाडीची एक मैत्रीण हेच काम करते, आम्ही एकमेकींच्या बदली आहोत, आणि बाळंतिणीच्या घरच्यांशी तिची भेट मी सातव्या-आठव्या महिन्यातच घालून देते, ऐनवेळी अनोळखी बाई समोर आली तर कळा सोसणाऱ्या बाईला त्रास होतो. सरकारी दवाखान्यात प्रसूतीवेळी सोबतीला एक बाई थांबू शकते, एकच, तेव्हा आत आई जाणार की डूला हेही त्याच भेटीत ठरवा, कारण आई जाणार असेल तर तुम्ही घरच्या कळांपर्यंतच सोबत करणार आणि पोरांची सोय त्या मानानं कमी तासांची लागेल.

एक गोष्ट जवळपास सगळ्या विसरतात, परत आल्यानंतरची झोप. रात्रभर कंबर चोळून, उभं राहून सकाळी दहाला घरी आलात आणि बसणारं माणूस तुम्हाला बघून निघून गेलं, तर अडीच वर्षांच्या पोराबरोबर तुम्ही डोळे उघडे ठेवू शकत नाही, आणि आपल्याकडे दार उघडलं की विहीर, व्हाळ, रस्ता. मावसबहिणीला मी स्पष्ट सांगितलंय की मी आल्यावर अजून चार तास तू आहेस, त्याचेही पैसे ठरलेले आहेत. हायवेवर झोप येत असेल तर गाडी बाजूला घ्या, बाळंतिणीच्या घरी तासभर पडा, घरी माणूस आहे म्हणूनच हे करता येतं.

आणि बाळ झालं की घरी कळवल्यावर पुढचा फोन काकीला. "झालं गो काकी, मुलगी झाली, आजपासून तू मोकळी." मागच्या वेळी हे ऐकल्यावर तिनं त्याच दुपारच्या एसटीनं लेकीचं गाव गाठलं.