विजय दिवसाच्या मानवंदना कार्यक्रमाला जाताना

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ पुण्यातील दक्षिण कमांडच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकापासून सातारा जिल्ह्यातील गावागावांपर्यंत पुष्पचक्र अर्पण करून माजी सैनिकांचा सत्कार केला जातो. त्या युद्धात विशीत लढलेले जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यामुळे कार्यक्रमाला जाणाऱ्याने आपली सोय बाजूला ठेवून त्यांच्या वयाचा विचार आधी करावा.

निमंत्रणात दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. कार्यक्रम लष्करी हद्दीत असेल तर ओळखपत्र सोबत असावे आणि छायाचित्रणाला परवानगी आहे का, हे प्रवेशद्वारावरच विचारून घ्यावे. साधा, स्वच्छ पोशाख पुरेसा आहे. घरातील दिवंगत सैनिकाची पदके लावून जायचे असेल तर ती छातीच्या उजव्या बाजूला लावावीत, कारण डावी बाजू ज्याने ती स्वतः मिळवली त्याची असते.

एखाद्या आजोबांना घेऊन जाण्याची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर सावलीतील आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची, जवळचे स्वच्छतागृह, पाण्याची बाटली आणि औषधाची वेळ या चार गोष्टी आदल्या दिवशीच आयोजकांशी बोलून पक्क्या कराव्यात. प्रमुख पाहुणे येईपर्यंत वृद्ध सैनिकांना उन्हात ताटकळत बसवणे हा त्यांचा अवमान आहे, असे मला ठामपणे वाटते, आणि तसे होत असल्यास आयोजकांना नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे.

पुष्पचक्र वाहिल्यानंतर बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही हुतात्म्यांना निरोप देणारी धून वाजते, मग दोन मिनिटांचे मौन पाळले जाते आणि ‘राऊज’ या बिगुलाच्या दुसऱ्या धुनेच्या सुरांनी ते संपते. या सर्व काळात सावधान उभे राहावे आणि मोबाईल बंद ठेवावा. मौन सुटल्यावर टाळ्या वाजवू नयेत. नागरिकांनी सॅल्यूट करण्याची गरज नसते. शेजारचे आजोबा काठी टेकत उठू लागले तर त्यांना खाली बसवण्याचा आग्रह धरू नये. कोपराखाली अलगद हात द्यावा, कारण त्या क्षणी उभे राहणे त्यांना स्वतःला हवे असते.

ओळख करून घेताना हुद्द्याची काळजी घ्यावी. आपल्याकडे खेड्यात कोणत्याही फौजी माणसाला ‘मेजर’ म्हणून हाक मारतात आणि त्यात माया असते, परंतु या कार्यक्रमात सुभेदाराला ‘सुभेदार साहेब’ आणि मानद कॅप्टनला ‘कॅप्टन साहेब’ असेच म्हणावे. छातीवरच्या पदकांकडे पाहिले तर बोलण्याला आपोआप सुरुवात मिळते. ‘पूर्वी स्टार’ असेल तर ते पूर्व आघाडीवर होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिम आघाडीवर, आणि अर्धी गडद निळी, अर्धी केशरी फीत दिसली तर ते वीरचक्राचे मानकरी आहेत. ‘तुमची पलटण कोणती?’ हा प्रश्न उत्तम. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधील, म्हणजे जंगी पलटणीतील कोणी भेटले तर पूर्व आघाडीवरील, आजच्या बांगलादेशातील जमालपूरच्या लढाईबद्दल जरूर विचारावे. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ असे मात्र लहान मुलांनाही विचारू देऊ नये. समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे. तोफखान्यात सेवा केलेल्यांपैकी अनेकांना कमी ऐकू येते. ते एखाद्या सोबत्याचे नाव घेऊन थांबले, तर ती शांतता आपल्या शब्दांनी भरू नये.

वीरपत्नी आणि वीरमाता बहुधा पहिल्या रांगेत बसलेल्या असतात आणि शाल-श्रीफळ दिल्यानंतर त्यांच्याशी फारसे कोणी बोलत नाही. त्यांच्याजवळ मुद्दाम जावे, हुतात्मा सैनिकाचे नाव घेऊन विचारपूस करावी आणि निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड किंवा बँकेचे काही काम अडले आहे का, तेही विचारावे. अडले असल्यास त्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच आठवड्यात त्यांना सोबत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे.