पोर्तुगालला राहायला जाताय? या चुका टाळा

पोर्तुगालला स्थायिक होण्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर जो सल्ला फिरतो, तो सहसा खोटा नसतो, शिळा असतो. देणारा २०१८-१९ च्या सुमारास गेलेला असतो, त्याचं खरंच तसं जमलेलं असतं, आज तो तिथं नोकरी-घर करून सुखात असतो. म्हणूनच त्याच्यावर पटकन विश्वास बसतो. पण २०२३ पासून तिथले नियम एवढे बदललेत, की तो ज्या दारातून आत गेला ते दार आता भिंतीत बुजलंय. खालच्या बऱ्याच चुका याच एका गोष्टीतून होतात.

‘आधी टूरिस्ट व्हिसावर जाऊ, मग बघू’

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पूर्वी पर्यटक म्हणून आत शिरायचं, नोकरीचा करार मिळवायचा, सोशल सिक्युरिटीचे हप्ते भरायचे आणि तिथल्या तिथे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज टाकायचा, अशी सोय होती. जून २०२४ मध्ये सरकारने ती बंद केली. आता राहण्याचा व्हिसा आपल्या देशातूनच काढून जावं लागतं. एजंट मात्र अजून जुनाच माल विकतात: ‘शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा पर्यटक व्हिसा) काढून देतो, पुढचं तिकडे आपला माणूस बघेल.’ तो माणूस काय बघतो हे २०२१ मध्ये कोरोनाच्या वेळी ओदेमिरा भागात जगासमोर आलं. तिथल्या बेरी-भाजीच्या प्लास्टिक शेडमध्ये राबणारे आशियाई मजूर एकेका घरात दाटीवाटीने राहत होते.

या मार्गाने कोणी आधीच गेलं असेल, तर १८० दिवसांतले ९० दिवस संपायच्या आत परत या आणि इथून योग्य व्हिसाचा अर्ज करा. मुदत उलटून राहिल्याची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जाच्या आड येते.

अशीच शिळी झालेली आणखी काही आश्वासनं आहेत. घर विकत घेऊन गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात राहण्याचा परवाना मिळतो, हे ऑक्टोबर २०२३ ला संपलं. कोणालाही नोकरी शोधायला मिळणारा व्हिसा २०२५ च्या कायद्याने उच्च कौशल्याच्या लोकांपुरता ठेवलाय. आणि ‘मी पुढे जातो, सहा महिन्यांत बायकोला नेतो’ हे तर आता विसराच. त्याच कायद्यानुसार कुटुंबाला बोलावण्याआधी साधारणपणे दोन वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं. लहान मुलं असतील किंवा तुम्ही उच्च कौशल्याच्या परवान्यावर असाल, तर सवलती आहेत. घरी तारखा कबूल करण्यापूर्वी आपण त्यात बसतो का ते बघा.

व्हिसाचा प्रकार चुकणं हेही नेहमीचंच. डी-७ हा पेन्शन, घरभाडं, लाभांश अशा बसल्या जागी येणाऱ्या उत्पन्नावर मिळतो. पुण्यातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करून पगार घेणार असाल तर तुमचा व्हिसा डी-८. त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे महिना ३,४८० युरो. वेतन दर जानेवारीला वाढतं, तेव्हा अर्जाच्या वर्षाचा आकडा धरा. पगाराच्या स्लिपा जोडून डी-७ मागणाऱ्याला नकार आला, तर त्यात नवल काहीच नाही.

आपली नावं आणि त्यांचे रकाने

महाराष्ट्रातल्या जुन्या जन्मदाखल्यांवर अनेकदा बाळाचं नावच नसतं. वडिलांचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच. पासपोर्टवर पहिलं नाव आणि नवऱ्याचं नाव मिळून ‘गिव्हन नेम’ होतं, पुढे सासरचं आडनाव. पदवीवर माहेरचं आडनाव. आपल्याकडे यात कोणाला काही वावगं वाटत नाही. लिस्बनच्या टेबलावर मात्र त्या तीन वेगळ्या बायका ठरतात. त्यात तिथल्या अर्जांवर आई आणि वडील दोघांची नावं लागतात, आणि आपल्या कितीतरी कागदांवर आईचं नाव आलेलंच नसतं.

म्हणून व्हिसाच्या आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन जन्मदाखल्यावर नाव चढवून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला काढा, गरज पडली तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करा. मग अ‍ॅपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी खूण. आधी राज्य सरकारची साक्षांकनाची पायरी, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर. थेट दिल्ली गाठून उपयोग नाही. आणि हो, मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट केलेली असतील तर स्टिकर लावायला अडतं. दहावीचं सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये घालून जपण्याची आपली सवय इथे आडवी येते. पोलिसांचा पीसीसी दाखला मात्र सगळ्यात शेवटी काढा, कारण तो ताजा लागतो. उत्साहात पहिल्याच आठवड्यात काढणाऱ्यांना तो पुन्हा काढावा लागतो.

निफ मिळाला, पण पत्र कोणाकडे गेलं?

निफ हा नऊ आकडी कर क्रमांक. त्याच्याशिवाय बँक खातं नाही, भाडेकरार नाही, मोबाइलचं मासिक कनेक्शन नाही. भारतात बसून तो प्रतिनिधीमार्फत काढता येतो, आणि इथपर्यंत सगळं ठीक असतं. चूक पुढे होते. निफवर पत्ता त्या प्रतिनिधीचा राहतो. कर खात्याच्या पोर्टलचा पासवर्ड टपालाने येतो, तो त्याच पत्त्यावर. नोटिसाही तिकडेच. वर्षभराने माणूस म्हणतो, मला तर काहीच आलं नाही!

निवासाचं कार्ड हातात पडलं की पहिल्या आठवड्यात फिनांसाशच्या, म्हणजे कर खात्याच्या, कार्यालयात जाऊन पत्ता बदला आणि प्रतिनिधी काढून टाका. मग सोशल सिक्युरिटीचा क्रमांक आणि सरकारी दवाखान्याचा क्रमांक. दवाखान्याच्या नोंदणीला ‘आजारी पडल्यावर बघू’ म्हणू नका. आपला फॅमिली डॉक्टर मिळायला अनेक भागांत मोठी रांग आहे. रात्री-अपरात्री काही झालं तर ८०८ २४ २४ २४ या सरकारी नंबरवर नर्स बोलते आणि कुठे जायचं ते सांगते. जिवावर बेतलं तर ११२.

घर: करार आधी, ऊन त्याहून आधी

तिथे बीएचके नाही. टी-१ म्हणजे एक बेडरूम, टी-२ म्हणजे दोन, आणि टी-० म्हणजे एकच खोली, तिच्यातच सगळं. हे माहीत नसल्याने टी-१ ला ‘वन आरके’ समजून सोडून देणारेही असतात.

न बघता पैसे पाठवू नका, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, तरी दर वर्षी लोक फसतात. फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा कमी, मालक ‘सध्या परदेशात’, चावी कुरियरने येणार. असं जुळून आलं की फोन ठेवा. पहिला महिना हॉटेल किंवा तात्पुरत्या खोलीचा खर्च बजेटमध्ये धरा. व्हिसाला राहण्याची सोय आधी दाखवावी लागते. तेव्हा कोणी ओळखीचं जाऊन घर पाहू शकत असेल तर उत्तम.

दुसरी चूक अधिक छुपी. मालक म्हणतो, करार करू, पण कर खात्यात नोंदवायला नको, भाडं पन्नास युरो कमी लावतो. तुम्ही खूश होता. मग कार्डाच्या वेळी पत्त्याचा पुरावा मागतात, आणि नोंद नसलेला कागद तिथे चालत नाही. जुंता म्हणजे तिथलं वॉर्ड कार्यालय. ते निवासाचा दाखला देतं, पण भाडेकरार नसला की त्या भागातले मतदार साक्षीला आणा म्हणतं. नव्या गावात ते आणायचे कुठून? भाड्याची पावती दर महिन्याला मागा. आगाऊ भाडं आणि डिपॉझिट प्रत्येकी दोन महिन्यांपर्यंतच घेता येतं. परदेशी माणसाला जामीनदार नसतो म्हणून वर्षभराचं भाडं एकदम मागणारे मालक भेटतात; त्यांच्याशी घासाघीस करायला हा नियम कामी येतो.

आता थंडी. युरोप म्हणजे घरं उबदार, हा समज पोर्तुगालमध्ये पहिल्या डिसेंबरात गळून पडतो. जुन्या घरांना सेंट्रल हीटिंग नसतं, भिंतींत उष्णता अडवणारा थर नसतो. पोर्तोला बाहेर दहा अंश तर आत तेरा-चौदा, वर अटलांटिकचा पाऊस. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यासारखी चादर ओलसर लागते, फक्त हातपाय गार पडलेले असतात. कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी चढते, चामड्याचे बूट पांढरे होतात, मुलांचा खोकला हटत नाही.

घर बघायला जाल तेव्हा कपाट थोडं पुढे ओढून मागे वास घ्या. नुकताच रंग दिलेला कोपरा दिसला तर त्याचं कारण विचारा. एनर्जी सर्टिफिकेट बघा; अ वर्गापासून खाली फ पर्यंत श्रेणी असते आणि फ म्हणजे थंडीत बिल किंवा हुडहुडी यांपैकी एक पत्करणं. आणि वास्तुशास्त्र थोडा वेळ बाजूला ठेवा. आपण दक्षिणेचं घर टाळतो. तिथे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून फिरतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला खरी किंमत आहे. उत्तरेकडच्या स्वस्त टी-१ मध्ये वाचलेले पैसे विजेच्या बिलात जातात.

बुरशी आलीच असेल तर तिच्यावर रंग फासू नका. लिशीविया, म्हणजे तिथलं ब्लीच, पाण्यात मिसळून पुसा, भिंत वाळू द्या, फर्निचर चार बोटं पुढे सरकवा. रोज दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा, बाहेर गारठा असला तरी. कुकरच्या शिट्ट्या आणि खोलीत वाळत घातलेले कपडे मिळून घरात किती पाणी सोडतात, ते ओल शोषणारं मशीन लावल्यावर कळतं. त्याची टाकी एका रात्रीत भरते.

पगार आणि कर

पोर्तुगालमध्ये पगार वर्षाला चौदा वेळा मिळतो. सुट्टीचा आणि नाताळचा असे दोन जादा. कुठे ते बारा महिन्यांत वाटून देतात. ऑफर लेटरवरचा आकडा बाराने गुणायचा की चौदाने, हे आधी विचारा. त्यातून ११ टक्के सोशल सिक्युरिटी जाते, वर आयकर. कंपनी ‘हिरव्या पावत्यां’वर घेत असेल तर तुम्ही नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक ठरता. पहिले बारा महिने सोशल सिक्युरिटी माफ असते; पुढे सेवांच्या उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर २१.४ टक्के भरावी लागते. तेरावा महिना अनेकांना घाम फोडतो.

वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिलात की जगभरचं उत्पन्न तिथे दाखवायचं, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याजसुद्धा. विवरणपत्राची मुदत १ एप्रिल ते ३० जून. दोन्हीकडे कर भरावा लागू नये म्हणून भारत-पोर्तुगाल करार आहे, पण तो आपोआप लागू होत नाही, अर्जात मागावा लागतो. इकडे बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करायचं राहून जातं, तेही करा.

गोव्याच्या वाचकांसाठी

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून नागरिकत्वाचा मार्ग आहे. मात्र भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन भारतीय पासपोर्ट आणि मतदानाचं ओळखपत्र तसंच वापरत राहणं हा गुन्हा आहे. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड), जमीन, पेन्शन यांचा विचार नोंदीच्या आधी करा.

कार्ड संपलं, नवं आलं नाही

राहण्याच्या परवान्यांचं काम २९ ऑक्टोबर २०२३ पासून ‘ऐमा’ ही संस्था बघते. जुन्या खात्याकडून तिच्या माथी लाखोंनी रखडलेले अर्ज आले. इथून काढलेला राहण्याचा व्हिसा चार महिन्यांचा आणि दोन प्रवेशांचा असतो. त्या काळातली ऐमाची अपॉइंटमेंट चुकवू नका. नूतनीकरण अडकलं तर अर्जाची आणि फी भरल्याची पावती छापून जवळ ठेवा. मुदत संपलेल्या कार्डांना सरकारने वेळोवेळी मुदतवाढ दिली, पण ती पोर्तुगालपुरतीच. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे भारतात आलात तर परतताना विमानतळावर अडकू शकता. तिकीट काढायचंच असेल तर शेंगेनच्या बाहेरून, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे काढा, आणि तरीही काउंटरवर प्रश्न येतील हे धरून चला.

इंटरनेटचा करार करताना किती महिन्यांची बांधिलकी आहे ते वाचा. बहुधा चोवीस असते, मधे सोडलं तर दंड. दुकानदार, क्लिनिक, कंपनी कोणाशीही वाजलं तर आवाज चढवण्याऐवजी ‘लिव्रु द रेक्लामासोंइश’ मागा. ही तक्रारवही प्रत्येक व्यवसायाने ठेवलीच पाहिजे, आणि मागितल्यावर दिली नाही तर पोलिसांना बोलावता येतं. तीच वही ऑनलाइनही आहे; तिथल्या तक्रारीला पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं.