घर जुनं, डीपी नवीन : या चुका टाळा

आमच्या मामाचं घर 1987 चं, नगरपालिकेची रीतसर परवानगी काढून बांधलेलं. शहराच्या नवीन विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, समोरचा 9 मीटरचा रस्ता 12 मीटरचा झाला, म्हणजे आमच्या बाजूने साधारण 5 फूट, ओटा आणि पुढची भिंत रस्त्याच्या लायनीत, म्हणजे रुंदीकरणाच्या हद्दीत, गेली. मामा इतका घाबरला की शेजाऱ्यांचं ऐकून स्वतःच भिंत पाडायला निघाला, गवंडी घमेलं-पहार घेऊन दारात उभा. आईने फोन केला म्हणून थांबलं.

ही सगळ्यात महागडी चूक. लाइन पडली म्हणून परवानगीचं घर एका रात्रीत बेकायदा होत नाही. रस्त्यासाठी जागा हवी तर ती रीतसर ताब्यात घ्यावी लागते, मोबदला रोख किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), एफएसआय (त्याच प्लॉटवर जादा बांधकामाची मुभा) यांच्या रूपात. आपणच पाडलं की आधी काय उभं होतं याचा पुरावा गेला, आणि परत बांधायला गेलं की नवीन लाइन, नवीन मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा), छोट्या प्लॉटवर मग उरतं काय सांगा?

पण हे सगळं मंजूर नकाशा हातात असेल तरच. लोक टॅक्सची पावती दाखवतात, टॅक्स तर अनधिकृत बांधकामालाही लागतो हो, ती परवानगी नाही. मामाचा नकाशा ट्रंकेत साड्यांखाली सापडला, घड्यांवर फाटलेला पण शिक्का स्पष्ट. तुमचा नसेल तर नगररचना किंवा बांधकाम खात्यात अर्ज करून प्रमाणित प्रत काढा, तिथे टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार टाका.

दुसरं, लायनीतल्या घरावर गुपचूप मजला चढवू नका. आतली किरकोळ डागडुजी वेगळी, वाढीव काम केलं की एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम 53 ची नोटीस येऊ शकते आणि चांगलं कायदेशीर घर उगाच त्यात अडकतं.

"आराखडा अजून प्रारूपच (कच्चा मसुदाच) आहे ना" म्हणून गप्प बसणारे पण खूप. हरकतीची मुदत एकदा गेली की गेली, आणि परवानगी देताना प्रारूप आराखडासुद्धा विचारात घेतला जातो. हरकत लेखी द्या, सर्व्हे नंबर, नकाशाची प्रत जोडा, पोच घ्या, आणि सुनावणीला स्वतः जा.

घर किंवा प्लॉट विकत घेणाऱ्यांनी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर भागवू नका, झोन दाखला (जागा कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे ते) आणि डीपीचा अभिप्राय (जागेवर रस्ता किंवा आरक्षण आहे का ते) ताजा काढा, विकणाऱ्याने दिलेला 5 वर्षांपूर्वीचा नको.

आणि जागेवर आरक्षण पडलं असेल, म्हणजे ती डीपीत सार्वजनिक कामासाठी राखली असेल, तर त्याच कायद्याचं कलम 127 बघा. अंतिम आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाली आणि जागा घेतलीच नाही तर खरेदीची नोटीस देता येते, त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. घाईने 10 वर्षांच्या आधी दिली किंवा मालकीची कागदपत्रं जोडली नाहीत तर ती नोटीस टिकत नाही, म्हणून वकिलाकडून एकदा तपासून घ्या आणि पोचपावती नकाशासोबतच ठेवा.