परक्या पुण्यात पाय रोवायचे तर

सदाशिव पेठेतली अभ्यासिका असो की हिंजवडीतलं ऑफिस, बाहेरगावाहून आलेल्या माणसाच्या डोक्यात दोन वाक्यं हमखास मुक्कामाला येतात. ‘मला हे जमणार नाही’ आणि ‘मी इथला नाही’. जोडीनं येतात म्हणून ती एकच वाटतात, पण दोन्हींवरचा उपाय वेगळा. पहिलं तपासून बघता येतं. दुसरं कितीही तपासलं तरी हलत नाही, त्याला तास द्यावे लागतात.

आधी वही घ्या. अप्पा बळवंत चौकातून आणलेली साधी शंभर पानी पुरे. आठवडाभर रात्री पाच मिनिटं लिहायचं. डाव्या पानावर मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, शिवीसकट. उजव्या पानावर त्या दिवशी घडलेलं, मोजता येईल असं. डावीकडे ‘मी मठ्ठ आहे’ असेल तर उजवीकडे ‘सराव पेपरात गणिताचे २० पैकी ११ चुकले, त्यातले ७ काळ-काम-वेगाचे’. म्हणजे डोकं ठीक आहे, एक प्रकरण कच्चं आहे. ते पंधरा दिवसांत पक्कं करता येतं. ज्या वाक्यासमोर उजवं पान कोरंच राहतं, ते दुसऱ्या जातीचं. त्याच्याशी वाद घालत बसू नका.

वही फसते ती उगाळण्यामुळे. पाचाची पन्नास मिनिटं होतात आणि झोप उडते. गजर लावा, वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली.

आणि पास झालो, बढती मिळाली की शंका जाईल, या भरवशावर राहू नका. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार बायकांबद्दल हेच नोंदवलं: पदव्या, हुद्दे सगळं असूनही ‘आपण लोकांना फसवतोय, एक दिवस उघडे पडू’ ही धाकधूक कायम.

मात्र दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलेलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

आता दुसरं वाक्य. अमेरिकेतले संशोधक जेफ्री हॉल यांनी मैत्रीला लागणारा वेळ मोजायचा प्रयत्न केला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, जवळच्या मैत्रीला २०० च्या वर. आठवड्याला दोन तास दिलेत तर ५० तासांना सहा महिने लागतात. दर रविवारी नव्या ग्रुपबरोबर ट्रेक केला की फोटो जमतात, तास मात्र दरवेळी शून्यापासून सुरू होतात. व्याख्यानं जरूर ऐका, पण शेजारच्या खुर्चीशी ओळख होत नाही. तीच जागा, तीच वेळ आणि हाताला काम, या तिन्ही गोष्टी जिथे आहेत तिथे जा.

पुण्यात याला ढोल पथकासारखी जागा नाही. (आवाजाबद्दलची तक्रार रास्त आहे, तो वेगळा विषय.) सराव गणपतीच्या दीडदोन महिने आधी सुरू होतो, बहुधा संध्याकाळी. ढोल कमरेला बांधायचा, एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. नवखा माणूस खांद्यातून जोर लावतो, मग दंड भरून येतात आणि बोटांना फोड. जोर मनगटातून यायला हवा. बोटांना आधीच चिकटपट्टी गुंडाळा. पावसाळी हवेत चामड्याचं पान सैल पडतं, दोरी ओढून ते ताणायला दुसऱ्याचा हात लागतो. ओळखी होतात त्या इथे, ठेका चालू असताना नव्हे. म्हणून पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि ढोल उतरवून ठेवेपर्यंत थांबा. गप्पांना विषय शोधू नका. ‘दादा, ही गाठ कशी मारायची?’ एवढं विचारलं की पुरतं. शिकवणारा माणूस दुसऱ्या दिवशी नावानं हाक मारतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटेल. नवेपणाची मजा संपलेली असते आणि ओळख अजून मुरलेली नसते. आठ वेळा जाण्याआधी निर्णय घ्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. आठांनंतरही कुणी विचारत नसेल तर खुशाल जागा बदला, दोष तुमचाच असतो असं नाही.

महिन्याभरानं एक बारीक काम अंगावर घ्या: हजेरी, चहाचा हिशेब, पाण्याचा जार. आयुष्याचं ध्येय शोधायला बसणाऱ्यांना हे फार किरकोळ वाटतं. पण आपण गेलो नाही तर कुणाचा तरी फोन येतो, ही अवस्था ध्येयाच्या बरीच जवळची असते.

अनंत चतुर्दशीनंतर सराव थांबतो आणि संध्याकाळी एकदम रिकाम्या होतात. विसर्जनाच्या आधीच दोघांशी रविवारची वेळ ठरवून ठेवा. वेताळ टेकडीचा पायथा, सकाळी साडेसहा. उन्हाळ्यात तिथल्या रोपांना पाणी घालणारी मंडळी असतातच, त्यांना जाऊन मिळा. दोन लिटरच्या दोन बाटल्या माणशी पुरतात. आळं आधी नीट करून घ्या आणि पाणी धारेनं सोडा, नाहीतर उतारावरून सगळं वाहून जातं.