बेरीज होईना, आकडे चिकटायचे
पीडीएफ फॉर्ममध्ये तीन रकाने, खाली एकूण, त्याखाली कर. हिशेब आपोआप व्हावा म्हणून जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत चार ओळी लिहिल्या, आकडे टाकून पाहिले, सगळं बरोबर. मग एकाने पहिला रकाना कोराच सोडला, पुढे 500 आणि 250 भरले. एकूण आलं 500250!

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, कोरा मजकूर. त्याला अधिकचं चिन्ह लावलं की बेरीज राहते बाजूला, आकडे नुसते शेजारी चिकटतात. प्रत्येक रकान्याची किंमत आधी नंबर फंक्शनमधून (ते मजकुराचा आकडा करतं) काढली, 750 आले.

कर मात्र एक पाऊल मागेच, आधीच्या एकूणवरचा. अर्धा दिवस कोड उकरत बसलो (उगाचच). अ‍ॅक्रोबॅटमध्ये (पीडीएफ फॉर्म बनवायच्या प्रोग्राममध्ये) रकाने मोजण्याचा क्रम स्वतंत्रपणे ठरवावा लागतो; माझ्याकडे कर एकूणच्या आधी मोजला जात होता. क्रम उलटा केला.